मीझानपासून बुखारीपर्यंत

तालुक्याच्या कचेरीत रोज कानांवर पडणारा ‘महसूल’, त्याच कचेरीच्या पाटीवर असणारा ‘तहसील’, आणि निष्फळ वादाला कंटाळलेला माणूस ‘यात काय हशील?’ म्हणून विचारतो त्या प्रश्नातला ‘हशील’, हे तीन शब्द एकाच मातेची लेकरे आहेत ही गोष्ट मराठी माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. कारण शतकांच्या सहवासाने ते इतके आपले झाले आहेत की त्यांचे कुळ विचारण्याची आवश्यकताच आपणांस भासत नाही. अरबी भाषेत ह, स आणि ल या तीन व्यंजनांचा एक धातू आहे. ‘हाती येणे, प्राप्त होणे’ हा त्याचा अर्थ. जे हाती आले ते ‘हासिल’, जे प्राप्त करून घेतले ते ‘महसूल’, आणि प्राप्त करून घेण्याची क्रिया ती ‘तहसील’. संस्कृतातील ‘कृ’ धातूपासून कर्ता, कार्य, कृती हे शब्द सिद्ध होतात, त्या रीतीचीच ही अरबी बहीण. भेद इतकाच की अरबीत धातूची व्यंजने आपला क्रम सोडत नाहीत आणि त्यांच्या मधले नि भोवतीचे स्वर व उपसर्ग ठरावीक साच्यांनुसार पालटत जातात. ‘महसूल’ ज्या साच्यातून निघाला त्याच साच्यातून मंजूर, मजकूर आणि मशहूर निघाले, ‘हासिल’च्या साच्यातले हाकीम, कातिब आणि कोर्टातला नाझर, तर ‘तहसील’च्या साच्यातले तालीम आणि, मूळचा ‘तफसील’ असलेला, आपला तपशील.

शब्दांचे हे साचे ओळखणे आणि नवा धातू हाती आला की तो त्या साच्यांत ओतून पाहणे, हाच भारतातील अरबी मदरशात दाखल होणाऱ्या मुलाचा पहिला पाठ असतो. त्याच्या पहिल्या पुस्तकाचे नावच ‘मीझान’, म्हणजे तराजू. फे, ऐन आणि लाम ही तीन अक्षरे बीजगणितातील अव्यक्त राशींप्रमाणे घेऊन प्रत्येक शब्द त्यांवर तोलून पाहण्याची रीत त्यात सांगितली आहे; आणि विशेष असा की अरबी व्याकरणाचे हे पुस्तक फारसीत लिहिलेले असून आजचा शिक्षक ते उर्दूतून समजावून देतो. या तराजूपासून निघालेला विद्यार्थी सात-आठ वर्षांनी इमाम बुखारींच्या हदीससंग्रहापाशी, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहापाशी, पोचतो, आणि तो ग्रंथ संपला की त्याच्या मस्तकी पागोटे बांधून त्याला ‘आलिम’ म्हणून निरोप देण्यात येतो. या संपूर्ण प्रवासाला गेली सुमारे पावणेतीनशे वर्षे ‘दर्स-ए-निझामी’ असे नाव आहे.

या अभ्यासक्रमाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा त्यातले एकही पुस्तक हाती न घेता बोलले जाते. २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने शालेय वयाच्या मुसलमान मुलांपैकी तीन ते चार टक्के मुलेच मदरशांत शिकतात असे दाखविले, तेव्हा हा प्रश्न एका सबंध समाजाच्या शिक्षणापेक्षा एका विशिष्ट विद्यापरंपरेचा अधिक आहे. अशा परंपरेचे मूल्यमापन करावयाचे तर तिने स्वतःसाठी कोणती कसोटी मानली हे प्रथम पाहावे, ती त्या कसोटीस उतरते की नाही हे पाहावे, आणि मगच बाहेरचे मानदंड लावावेत. वेदपाठशाळेला वा काशीच्या पंडिताघरच्या पाठाला आपण जो न्याय लावतो तोच अरबी शाळेलाही लावला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्या नावाने हा अभ्यासक्रम ओळखला जातो ते मुल्ला निझामुद्दीन लखनौचे. हैदराबादच्या निझामाशी किंवा बगदादच्या जुन्या निझामिया विद्यालयाशी त्या नावाचा संबंध जोडण्याची चूक अनेकदा होते, ती प्रथम दूर केली पाहिजे. लखनौजवळच्या सिहाली गावी त्यांचे वडील मुल्ला कुतुबुद्दीन अध्यापन करीत. जमिनीच्या वैरातून १६९२ साली प्रतिपक्षाने त्यांचा वध केला आणि त्यांचे घर जाळले. त्या काळी औरंगजेब दख्खनेत मराठ्यांशी झुंजत छावणी टाकून बसला होता; अनाथ झालेल्या कुटुंबाची दाद त्या छावणीपर्यंत पोचली आणि दोन-तीन वर्षांत बादशाही फर्मानाने लखनौमधील एक हवेली त्या मुलांना मिळाली. ती पूर्वी एका युरोपीय व्यापाऱ्याची होती, म्हणून लोक तिला ‘फिरंगी महल’ म्हणत. ते नाव तसेच राहिले, आणि फिरंग्याच्या त्या वाड्यात पुढे दोन शतके हिंदुस्थानातील अरबी विद्येचे सर्वांत नामांकित घराणे नांदले. फिरंगी महल हे रूढ अर्थाने विद्यालय नव्हतेच. ते घर होते, आणि घरातल्या विद्वानांकडे दूरदूरचे विद्यार्थी येऊन पाठ घेत. आपल्याकडे एखाद्या शास्त्रीबोवांच्या ओसरीवर जे चाले त्याचेच हे विशाल रूप समजावे. मुल्ला निझामुद्दीन हे कुतुबुद्दीन यांचे तिसरे पुत्र. वडिलांच्या वधाच्या वेळी ते कोवळ्या वयाचे होते, आणि १७४८ साली त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांची पाठ्यक्रमणी उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र रूढ होऊ लागली होती.

या क्रमणीची मुळे काही अंशी दख्खनेत आहेत. विजापूरच्या आदिलशाही दरबारातून १५८३ च्या सुमारास अकबराने जे शीराझचे विद्वान आपल्याकडे बोलावून घेतले, त्या फतहुल्ला शीराझी यांनी इराणी परंपरेतील तर्क आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उत्तरेच्या अध्यापनात रुजविले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतच काही पिढ्यांनी कुतुबुद्दीन येतात.

आता ग्रंथांकडे वळू. शब्दसिद्धीच्या शास्त्राला ‘सर्फ’ म्हणतात, वाक्यरचनेच्या शास्त्राला ‘नह्व’. सर्फमध्ये मीझानपासून ‘शाफिया’पर्यंतची पुस्तके, नह्वमध्ये ‘नह्वमीर’, ‘हिदायतुन्नह्व’, मग तेराव्या शतकातील इब्न हाजिब यांचे ‘काफिया’, आणि त्यावर पंधराव्या शतकातील कवी जामी यांनी आपल्या मुलासाठी लिहिलेली टीका, जिला मदरशांत केवळ ‘शरह-ए-जामी’ म्हणतात. तर्कशास्त्रात ‘ईसागोजी’ (या नावात पॉर्फिरी या ग्रीक तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचे नाव जसेच्या तसे टिकून आहे), ‘तहझीब’, ‘कुतबी’, आणि शेवटी बिहारच्या मुहिब्बुल्लांचे ‘सुल्लमुल उलूम’. तत्त्वज्ञानात ‘मैबुझी’, ‘सद्रा’ आणि जौनपूरच्या मुल्ला महमूदांचा ‘शम्स-ए-बाझिगा’. गणितात ‘खुलासतुल हिसाब’ आणि युक्लिडच्या भूमितीचा पहिला अध्याय, ज्योतिषात ‘शरह-ए-चग्मीनी’. अलंकारशास्त्रात तफ्ताझानी यांचे ‘मुख्तसर’ आणि ‘मुतव्वल’. धर्मशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, ‘शरह-ए-विकाया’ आणि बाराव्या शतकातील ‘हिदाया’. मीमांसेशी ज्याची तुलना करता येईल त्या उसूल-ए-फिक्हमध्ये औरंगजेबाचे गुरू मुल्ला जीवन यांचे ‘नूरुल अन्वार’ आणि पुन्हा मुहिब्बुल्लांचेच ‘मुसल्लमुस्सुबूत’. कुराणभाष्यात ‘जलालैन’ आणि ‘बैझावी’. आणि हदीसमध्ये एकच ग्रंथ, ‘मिश्कात’.

ज्याला आज केवळ धार्मिक शिक्षण म्हणतात त्या क्रमणीत तर्काचे एवढे ग्रंथ आणि पैगंबरांच्या वचनांचा एकच, हे प्रमाण पाहून वाचकास विस्मय वाटेल. परंतु मुल्ला निझामुद्दीन यांचा हेतू समजला म्हणजे विस्मय उरत नाही. त्यांनी एकेका शास्त्रातला अत्यंत संक्षिप्त आणि अत्यंत कठीण ग्रंथ निवडला, अशासाठी की ज्याने तो ग्रंथ गुरूजवळ बसून उकलला त्याला त्या शास्त्रातला दुसरा कोणताही ग्रंथ गुरूवाचून उकलता यावा. विद्यार्थ्याच्या पदरात सर्व ज्ञान बांधून देण्याचा आव या क्रमणीत नव्हता. संस्कृतात ज्याने ‘तर्कसंग्रह’ आणि ‘मुक्तावली’ नीट पचविली तो न्यायशास्त्रात कोठेही फिरू शकतो, हा आपल्या शास्त्रीपंडितांचा अनुभव अगदी याच जातीचा आहे. या जातीच्या शक्तीला मदरशाच्या परिभाषेत ‘इस्तेदाद’ म्हणतात: योग्यता, तयारी, अपरिचित मजकुरासमोर न डगमगणारी बुद्धी. पुस्तकांची संख्या मर्यादित ठेवल्यामुळे हुशार मुलगा सोळा-सतराव्या वर्षी शिक्षण पुरे करू शके.

दुसरीही एक गोष्ट या यादीत आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मुहिब्बुल्ला बिहारी यांचा मृत्यू १७०७ चा, मुल्ला जीवन यांचा १७१८ चा. म्हणजे निझामुद्दीन यांनी आपल्या स्वतःच्या हयातीत आपल्याच मुलखातल्या विद्वानांनी लिहिलेले ग्रंथ बुखारा-शीराझच्या प्राचीन आचार्यांच्या पंक्तीला आणून बसविले. एवढे धैर्य अभ्यासमंडळे आजही क्वचितच दाखवितात.

इस्तेदाद कशी पारखत असत, हे समजण्यासाठी अरबी लिपीचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. क-त-ब एवढीच अक्षरे कागदावर असतात. ती ‘कतब’ (त्याने लिहिले) अशी वाचावीत, ‘कुतिब’ (लिहिले गेले) अशी वाचावीत, की ‘कुतुब’ (पुस्तके) अशी, हे अर्थ कळल्यावाचून ठरत नाही. त्यातही नामाच्या शेवटचा स्वर कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगतो, आणि तोही लिहिलेला नसतो. ज्यांनी पेशवेदप्तरातला मोडी कागद हाती धरला असेल, जिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नाही, त्यांना ही अडचण विशेष सांगावयास नको. तेथेही मजकूर समजल्याखेरीज वाचता येत नाही आणि वाचता आल्याखेरीज समजत नाही. म्हणून मदरशात मोठ्याने वाचणे हीच परीक्षा असते. आदल्या रात्री विद्यार्थी उद्याचा भाग स्वतः पाहून ठेवतो, त्याला ‘मुतालआ’ म्हणतात. सकाळी सबकाच्या, म्हणजे पाठाच्या, वेळी एक विद्यार्थी मूळ मजकूर वाचू लागतो. एका शब्दाचा अंत्य स्वर चुकला की उस्ताद त्याला थांबवितात, आणि तो स्वर का चुकला हे सांगता सांगता सबंध वाक्याची रचना उलगडते. मग अर्थ, मग टीकाकाराने घेतलेला पूर्वपक्ष, मग त्याचे निराकरण. ‘शरह-ए-जामी’त शब्दाच्या व्याख्येवरील चर्चा कित्येक दिवस चालते, आणि ‘हासिल-महसूल’ या नावाने प्रसिद्ध असलेला तिच्यातला एक वाद पार करणारा विद्यार्थी सोबत्यांत मान मिळवितो. आपल्या सरकारी दप्तरातले ते दोन शब्द त्या टीकेत अर्थमीमांसेच्या एका सूक्ष्म प्रश्नाचे नाव होऊन बसले आहेत.

संध्याकाळनंतर तोच पाठ विद्यार्थी आपापसांत पुन्हा म्हणतात. चार-सहा जणांच्या कोंडाळ्यात एखादा चलाख मुलगा उस्तादांच्या जागी बसून सकाळचा सबक पहिल्यापासून सांगतो, आणि बाकीचे त्याला अडवितात. या पद्धतीचे नाव ‘तकरार’, म्हणजे पुनरावृत्ती. हाच शब्द मराठीत आला तेव्हा पुनःपुन्हा बोलण्याचा अर्थ मागे पडून गाऱ्हाण्याचा अर्थ पुढे आला. पण मदरशात तो अद्याप आपल्या जुन्या अर्थानेच वावरतो आहे, आणि माझ्या मते या शिक्षणपद्धतीतले सर्वांत मौल्यवान अंग तेच आहे. शिकलेले दुसऱ्यास शिकविता येणे ही ज्ञानाची कसोटी तेथे रोज रात्री, कोणताही खर्च न करता, लावली जाते.

या शिक्षणाचा उपयोग काय होता, हे विसरून चालणार नाही. अठराव्या शतकात काझी, मुफ्ती, दिवाणी कामकाजातले मुनशी आणि वकील हे शिक्षण घेतलेल्यांतूनच येत. १७८० साली वॉरन हेस्टिंग्ज याने कलकत्त्यास मदरसा काढला, तेव्हा त्याच्या मुख्याध्यापकपदी फिरंगी महलाच्याच पद्धतीचे मौलवी मजदुद्दीन यांची नेमणूक झाली. आणि कंपनीच्या न्यायाधीशांना निवाडा देता यावा म्हणून ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर १७९१ साली प्रसिद्ध करण्यात आले. त्या काळी ही विद्या एकाच धर्माच्या लोकांपुरती नव्हती. राजा राममोहन रॉय यांनी तरुणपणी पाटण्यास राहून अरबीतून युक्लिड आणि ॲरिस्टॉटल वाचला असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि त्यांचा ‘तुहफतुल मुवह्हिदीन’ हा पहिला प्रसिद्ध ग्रंथ फारसीत असून त्याची प्रस्तावना अरबीत आहे. निझामुद्दीन यांचे पुत्र अब्दुल अली, ज्यांना ‘बहरुल उलूम’ म्हणजे विद्यासागर म्हणत, ते लखनौ सोडून शाहजहानपूर, रामपूर, बंगाल असे फिरत शेवटी अर्काटच्या नबाबाच्या आश्रयास मद्रासला गेले आणि १८१० साली तेथेच वारले. त्यांच्या पावलांबरोबर ही क्रमणीही दक्षिणेत उतरली.

मग १८३७ साली कचेऱ्यांतून फारसीचे उच्चाटन झाले आणि १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतील काझी-मुफ्तींची पदेही गेली. ज्या नोकऱ्यांसाठी पिढ्यान्पिढ्या मुले तर्क आणि फिक्ह शिकत आली त्या एका माणसाच्या हयातीत नाहीशा झाल्या. आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर शास्त्रीमंडळींवर जी आपत्ती आली तिच्याशी ही घटना ताडून पाहावी. फरक असा की पुण्यात दक्षिणा-निधीच्या रकमेतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचे रूपांतर होत होत ती नव्या शिक्षणात मिळून गेली, तर उत्तरेच्या अरबी विद्वानांतील एका मोठ्या वर्गाने सरकारी आश्रयाकडे पाठ फिरविण्याचा निश्चय केला.

त्या निश्चयाचे मूर्त रूप म्हणजे देवबंद. १८६६ च्या मे महिन्यात सहारनपूर जिल्ह्यातील त्या गावी छत्ता मशिदीच्या आवारातील डाळिंबाच्या झाडाखाली एक शिक्षक आणि एक विद्यार्थी यांनिशी मदरसा सुरू झाला. दोघांचेही नाव महमूद होते. मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी संस्थेसाठी जी आठ तत्त्वे लिहून ठेवली त्यांत जहागीर, व्यापार किंवा कोणा श्रीमंताचे वचन असे निश्चित उत्पन्न संस्थेला नसावे, सरकारचा व धनिकांचा सहभाग हानिकारक समजावा, आणि सामान्य लोकांच्या वर्गणीवर भिस्त ठेवावी, असा आग्रह आहे. खाजगी शाळा हा शब्द आपण आज फी घेणाऱ्या शाळेसाठी वापरतो. ही शाळा त्याहून निराळ्या अर्थाने खाजगी होती. विद्यार्थ्याकडून फी नाही, सरकारकडून अनुदान नाही. तरीही तिची घडी मात्र नव्या काळाची होती: ठरलेले वर्ग, पगारी शिक्षक, हजेरीपट, वार्षिक परीक्षा, ग्रंथालय, आणि जमाखर्चासह छापून प्रसिद्ध होणारा अहवाल. फिरंगी महलाचे घर येथे संस्था झाले.

अभ्यासक्रमात देवबंदने जो फेरफार केला तो याहून खोल आहे. दिल्लीच्या शाह वलीउल्ला (मृत्यू १७६२) यांच्या परंपरेत हदीसला अग्रस्थान होते. देवबंदने निझामुद्दीन यांच्या क्रमणीचा सांगाडा ठेवला, तर्क-तत्त्वज्ञानाला कात्री लावली, आणि शेवटचे सबंध वर्ष हदीसच्या सहा प्रमाणग्रंथांना व त्यांच्या जोडीच्या आणखी काही संग्रहांना दिले. या वर्षाला ‘दौरा-ए-हदीस’ म्हणतात. आज आठ वर्षांच्या अरबी अभ्यासात धर्मशास्त्राची शिडी ‘नूरुल ईझाह’, ‘कुदूरी’, ‘शरह-ए-विकाया’ आणि ‘हिदाया’ अशी चढत जाते, सहाव्या वर्षी ‘जलालैन’ येतो, सातव्या वर्षी ‘मिश्कात’, आणि आठव्या वर्षी बुखारी. काझी आणि मुनशी घडविणारी शाळा अशा रीतीने इमाम, मुफ्ती आणि मुदर्रिस घडविणारी शाळा बनली. हा पालट अपरिहार्य होता असे मी मानतो, कारण ज्या समाजाची सत्ता गेली त्याला आपली ओळख कोठेतरी साठवून ठेवावीच लागते. परंतु त्याची किंमतही पडली. युक्लिड गेला, आणि त्याच्या जागी नवी भूमिती आली नाही. टॉलेमीचे ज्योतिष मागे पडले हे योग्यच झाले, पण कोपर्निकस आणि न्यूटन त्याच्या जागी आले नाहीत. निझामुद्दीन यांच्या यादीत त्यांच्या काळचे सर्व ज्ञान अंशाने तरी होते. त्यांच्या वारसांनी ग्रंथ राखले. ज्या विवेकाने ते निवडले गेले होते तो मात्र क्षीण होत गेला.

ही उणीव आतूनच सर्वप्रथम दाखविली गेली, बाहेरून नव्हे. १८९३ साली कानपूरच्या एका मदरशाच्या पदवीदान प्रसंगी जमलेल्या उलेमांनी ‘नदवतुल उलेमा’ या मंडळाचा विचार मांडला आणि १८९८ साली लखनौस त्याचे विद्यालय निघाले. त्याचे शिक्षणसूत्र काही वर्षे ज्यांच्या हाती होते ते शिबली नोमानी १८९२ साली तुर्कस्थान, शाम (सीरिया) आणि मिसर (इजिप्त) पाहून आले होते. त्यांचा आक्षेप साधा होता, आणि म्हणूनच जिव्हारी लागणारा: आठ-दहा वर्षे अरबी शिकलेला आपला विद्यार्थी ‘काफिया’वर चार तास वाद घालू शकतो, पण एक साधे पत्र अरबीत लिहू शकत नाही आणि कैरोचे वर्तमानपत्र वाचू शकत नाही. टीका, टीकेवरची टीका आणि तिच्या समासातील टिपणे यांत मूळ भाषाच बुडून गेली आहे. नदव्याने अरबी ही जिवंत भाषा म्हणून शिकविण्याचे ठरविले, इंग्रजीला वर्गात जागा दिली, आणि १९३० नंतर मोरोक्कोचे तकीउद्दीन हिलाली यांच्यासारखा अरबी मातृभाषा असलेला अध्यापक आणून संभाषण आणि लेखन यांवर भर दिला. त्याच वातावरणात वाढलेले अबुल हसन अली नदवी (१९१४–१९९९) यांनी मुलांसाठी ‘कससुन्नबिय्यीन’ ही प्रेषितांच्या कथांची माला लिहिली. त्यात लहान वाक्ये पुनःपुन्हा फिरून येतात आणि व्याकरणाचा नियम सांगण्यापूर्वीच तो मुलाच्या जिभेवर बसतो. हिंदुस्थानी माणसाने लिहिलेली ती वाचनमाला हिंदुस्थानाबाहेरही शिकविली गेली.

देवबंद आणि नदवा यांतील भेद हा पुष्कळदा जुने आणि नवे यांतील भेद म्हणून सांगितला जातो. मला तो कसोटीचा भेद वाटतो. अरबी आली असे केव्हा म्हणावे? कठीण मजकूर स्वर न चुकता वाचून त्याचा पूर्वपक्ष-सिद्धान्त सांगता आला म्हणजे, की मनातला विचार त्या भाषेत मांडता आला म्हणजे? पहिल्या कसोटीने घडलेला मनुष्य बाराव्या शतकातील विधिग्रंथात सहज संचार करतो; दुसरीने घडलेला आजच्या अरब जगाशी बोलू शकतो. संस्कृताच्या बाबतीतही हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे चालू आहे, आणि ज्या शिक्षकाने दोन्ही कसोट्या एकत्र आणल्या त्याचाच विद्यार्थी खरा तयार झाला, असे दोन्ही परंपरांकडे पाहिल्यावर दिसते.

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी हा अभ्यासक्रम कलकत्त्यास घरीच, वडिलांनी नेमलेल्या विद्वानांकडे शिकून सोळाव्या वर्षी पूर्ण केला होता. त्यांच्याइतका या विद्येचा लाभ क्वचितच कोणी घेतला असेल, आणि तिच्याविषयीचे असमाधानही त्यांच्याइतक्या तळमळीने क्वचितच कोणी बोलून दाखविले असेल. अहमदनगरच्या किल्ल्यातील १९४२ ते १९४५ च्या बंदिवासात लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहातही आपल्या बालपणीच्या शिक्षणाचा त्यांनी हिशेब मांडला आहे. आणि १९४७ च्या फेब्रुवारीत, शिक्षणखात्याची सूत्रे नुकतीच हाती आलेली असता, लखनौस अरबी मदरशांच्या अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या सभेपुढे त्यांनी हाच विषय घेतला.

आजची कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. शिक्षणहक्क कायद्यातून मदरसे आणि वेदपाठशाळा यांना २०१२ च्या दुरुस्तीने एकत्रच वगळण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०१३ पासून डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाच्या योजनेखाली गणित, विज्ञान आदी विषय शिकविणाऱ्या मदरशांना साहाय्य देऊ केले. उत्तर प्रदेशातील मदरसा मंडळाचा २००४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी वैध ठरविला, शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्याला नियमन करता येते हे मान्य केले, मात्र ‘कामिल’ आणि ‘फाझिल’ या पदवीस्तरीय प्रमाणपत्रांचा अधिकार त्या मंडळास नाही असे सांगितले. देवबंद आणि नदवा या मंडळाच्या कक्षेत मुळातच नाहीत. आलिम होऊन बाहेर पडलेल्या तरुणाला विद्यापीठाचे दार उघडावे म्हणून अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ साली खास सेतू अभ्यासक्रम सुरू केला. ज्याने आठ वर्षे पूर्वपक्ष-उत्तरपक्षात घालविली त्याला इंग्रजी आणि समाजशास्त्रे मिळाली म्हणजे तो किती लांब मजल मारू शकतो हे तेथे दिसू लागले आहे.

महाराष्ट्रात या परंपरेच्या शाखा पुष्कळ आहेत. मालेगावात मुलींसाठीही निवासी मदरसे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा येथे १९७९ साली निघालेल्या संस्थेने अरबी शिक्षणाच्या जोडीला औद्योगिक प्रशिक्षण, औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकी आणून ठेवले. हैदराबादचे जामिया निझामिया १८७६ साली स्थापणारे मौलाना अन्वारुल्ला फारुकी, ज्यांच्याकडे पुढे दोन निझामांचे शिक्षण सोपविले गेले, ते नांदेड जिल्ह्यातील कंधारचे.

कोकणाची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई संप्रदायाचे. अरबी समुद्राच्या वाटेने आलेली ती परंपरा आहे. लखनौची क्रमणी हनफी संप्रदायाची. म्हणजे रत्नागिरी-रायगडकडचा एखादा मुलगा उत्तरेच्या मदरशात गेला तर ‘कुदूरी’ आणि ‘हिदाया’ हे जे विधिग्रंथ तो वर्षानुवर्षे पाठ करतो, ते त्याच्या घरच्या नमाजाचे आणि आचाराचे ग्रंथच नसतात. त्याच्या घरची बोली कोकणी किंवा मराठी, शिकविण्याची भाषा उर्दू, पहिले पुस्तक फारसी आणि विद्या अरबी. इतक्या पायऱ्या चढून तो वर जातो, आणि त्यांतली एकही त्याच्या अंगणातून निघालेली नसते. म्हणूनच कोकणातल्या मदरशांनी शाफई ग्रंथांना जागा दिली, ते मला अत्यंत योग्य वाटते.

आणि याच कोकणपट्टीत, मुंबईच्या माहीमला, चौदाव्या-पंधराव्या शतकांत मखदूम फकीह अली माहिमी होऊन गेले. त्यांच्या दर्ग्याचा उरूस मुंबईतल्या सर्व जातिधर्मांच्या लोकांना ठाऊक आहे, परंतु ‘तबसीरुर्रहमान’ हे अरबीतले कुराणभाष्य त्यांनी लिहिले हे फार थोड्यांना. कुराणातील एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध कसा जुळतो हे दाखविण्यावर त्या भाष्याचा विशेष भर आहे, आणि एकोणिसाव्या शतकात ते कैरोच्या बूलाक छापखान्यात छापून निघाले. मुल्ला निझामुद्दीन यांनी जौनपूर, बिहार आणि अवध येथले आपल्या आसपासचे ग्रंथ यादीत घेतले. माहीम त्यांच्यापासून दूर होते. श्रीवर्धनच्या वा मालेगावच्या वर्गात बसलेल्या मुलापासून ते दूर नाही. ‘जलालैन’ संपवून ‘बैझावी’कडे वळण्यापूर्वी त्याच्या हाती या भाष्यातली निदान एखादी सूरा यावी, आणि संध्याकाळच्या तकरारीत त्या माहीमच्या आचार्याचे वाक्य स्वर न चुकता वाचून त्याने ते सोबत्यांस समजावून द्यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.